भायासमोर बोलायचं नसतं

माझं नाव कडूबाई. आमच्या कन्नड तालुक्याकडं या नावाच्या बाया लई, बाजारात एक हाक मारली की दोघी-तिघी वळून बघतात. माझ्या आधीची आईची लेकरं जगली नव्हती, म्हणून आजीनं माझं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुकून द्यावं म्हणून. तर थुकलं मरणानं, आन् मी ऱ्हायले. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच पावसाळे झाले व्हते तवाची मी, असं बाप सांगायचा, तारीख-बिरीख काय नाय. बाप निजामाच्या टायमाच्या लई गोष्टी सांगायचा, पण ते आता कशाला, तुम्हाला माझ्या भायाचं ऐकायचंय. सांगते. पण आधीच सांगून ठेवते, लिवताना गोड करू नका. लोकांनी मला आधीच लई गोड करून ठेवलंय.

लगीन होऊन मी गंगापूरच्या बाजूला आले. काळं रान, कापूस, गंगा जवळ. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. घरात सासू, जाऊबाई, मालक, आन् मालकाचे मोठे भाऊ, म्हंजे माझे भाया. सगळा गाव त्यांला दादा म्हणायचा. सासरा नव्हता म्हणून घरात हुकूम दादाचा. उंच माणूस, डोक्याला फेटा, आन् चपलेचा आवाज असा की वट्यावर आले की आम्ही बाया आत. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भायासमोर बोलायचं नसतं. बोलायचं नाय, समोर उभं ऱ्हायचं नाय, पदर हनुवटीपर्यंत वढून घ्यायचा. जेवायला वाढलं की ताट उंबऱ्यात ठेवायचं आन् बांगड्या वाजवायच्या, म्हंजे त्यांला कळायचं. काय सांगायचंच असलं तर भिंतीकडं तोंड करून सांगायचं, दादाला म्हणावं गिरणीवर जायचंय. दादा तिथंच बसलेले असायचे, पण मी आपली भिंतीला सांगती. आता हसू येतं, तवा येत नव्हतं.

एकदा काय झालं, भाया गोठ्यात पाठमोरे उभे व्हते, आन् आमचा लाल्या बैल, लई मारका, दावं तोडून त्यांच्या मागून निघाला. मी दारात पाटी घेऊन उभी. वरडावं तर भायासमोर तोंड उघडायचं कसं? मी पाटी भुईवर आपटली, बांगड्या वाजवल्या, शू शू केलं, तवर बैलानं त्यांला शेणाच्या ढिगात पाडलं सुद्धा. सासू म्हणली, मुकी व्हतीस का गं? आन् संध्याकाळी तीच सासू शेजारणीला कौतुकानं सांगती, बैल अंगावर आला तरी आमच्या धाकटीनं तोंड उघडलं नाय, अशी वळणाची. मला तवा लई बरं वाटलं व्हतं ते ऐकून. मूर्ख व्हते मी, दुसरं काय.

आमचे मालक याच्या उलट. त्यांला बोलायला लई लागायचं. शेतात काम करताना बैलाशी बोलायचे, जेवताना भाकरीशी बोलायचे. दौलताबादच्या बाजूला काय कामाला गेले की उपरण्यात सीताफळं बांधून आणायचे आन् दोघं रानातल्या कोठ्याच्या, म्हंजे खोपटाच्या मागं बसून खायचो, बिया कुणाच्या लांब जातात म्हणून थुकायचो. भायासमोर माझं जे काय असंल ते मालक बोलायचे. माझी जबान म्हंजे मालक. म्हणून मला कधी अडलं नाय, कळलं का? मालक गेले तवा माझा नवरा गेला आन् माझी जबानबी गेली.

कसे गेले ते सांगते. कापूस फुटायच्या दिवसात आम्ही रानातच ऱ्हायचो, कोठ्यात, खाली गोधडी टाकून. सकाळी मालक उठले ते म्हणले पोटात दुखतंय, गळ्यात काय तरी अडकल्यावानी होतंय. मंग म्हणले पापण्या जड झाल्या, उघडंनात. आन् बोटानं एक पापणी वर धरून माझ्याकडं बघितलं आन् हसले, म्हणले, बग, आता तुला बघायलाबी हात लावावा लागतो. ते त्यांचं शेवटचं हसणं. अंगावर डाग नाय, रगत नाय, काय चावलं तेबी कळंना. गंगापूरला नेईस्तवर जीभ जड पडली, तिथनं जीपनं औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात. आता संभाजीनगर म्हणतात, तवा औरंगाबादच म्हणायचे, माझ्या तोंडात दोन्ही येतं. तिथं श्वास थांबायला आला, मंग तोंडात नळी घातली आन् श्वासाचं मशीन लावलं. एक डाक्टरीण बाई व्हती, तरणीच व्हती, ती म्हणली मण्यार चावलाय. गोधडीत शिरून चावतो, कळत पण नाय. म्हणली, या विषानं अंग हलायचं बंद पडतं, श्वासबी बंद पडतो, माणूस मेल्यावानी दिसतो पण मेलेला नसतो. मशीन श्वास देतंय तवर विष उतरंल. दिवस लागतील, थांबा.

मी थांबले असते हो. मी त्या व्हरांड्यात जिंदगीभर थांबले असते.

पण दुसऱ्या दिवशी भाया आले, गावातली चार माणसं घेऊन. आत गेले, मालकाला हाका मारल्या, पायाचा अंगठा जोरात दाबला, पापणी उघडून बघितली. काय हाललं नाय. बाहेर आले आन् म्हणले, संपलं, मशीन फुगवतंय म्हणून छाती हालती, आत काय बी नाय. आन् म्हणले, माणसानं आपल्या भुईवर मरावं. इथं गेला तर सापाची केस म्हणून चिरफाड करतील, नळीमुळं तोंडात गंगेचा थेंब जायचा नाय. गावातली माणसं म्हणली, दादा बरोबर बोलतात. डाक्टरीण लई भांडली. ती म्हणली तुम्ही त्यांला मारायला घेऊन चाललाय. भाया म्हणले, आम्ही काय येडे हाव का, मेलेला आन् जिता कळत नाय आम्हाला?

मंग ती माझ्याकडं आली. मी खांबाच्या आड उभी, पदर हनुवटीपर्यंत. ती म्हणली, “बाई, तुमचा नवरा आहे. तुम्ही सांगा, नेऊ द्यायचं का?”

काय सांगू तुम्हाला. भाया माझ्यापासून हातभर लांब उभे व्हते. त्यांच्या चपला मला दिसत व्हत्या, पदराखालून तेवढंच दिसायचं. तोंड उघडावं तर जीभ उचलंना. मी मान हलवली, नाय नाय म्हणून जोरात हलवली, पण पदर एवढा खाली, कुणाला दिसणार? ती थांबली. लई थांबली ती, खोटं कशाला बोलू. मंग भाया म्हणले, तिला काय इचारता, ती माझ्या शब्दाबाहेर नाय. आन् आतून कुणीतरी डाक्टरणीला बोलावलं, दुसऱ्या कुणाचं काय झालं व्हतं, ती पळत गेली. ती परत येईस्तवर जीप दारात लागली व्हती.

जीपमध्ये एक गावचा माणूस हातानं दाबायचा फुगा दाबत व्हता, नळीला लावलेला, त्याच्यानं श्वास चालतो. मी पायाशी बसले. घरी आधीच सांगावा गेला व्हता, भुई सारवून ठेवलेली, तुळस आणून ठेवलेली. मालकाला खाली घेतलं. भाया त्या माणसाला म्हणले, बस कर आता. त्यानं हात काढला. भायांनी नळी वढून काढली आन् तोंडात गंगेचं पाणी घातलं. मालकाच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं तर बाया म्हणल्या, मोह सुटत नाय बिचाऱ्याचा. मी पाय धरून बसले व्हते. पाय गरम व्हते.

पुढं मी भायाशी बोलणं टाकलं. पण आधीबी कुठं बोलत व्हते? कुणाला कळलंच नाय की ही बाई बोलत नाय. असा माझा राग, कुणाला दिसलासुद्धा नाय. लोक म्हणायचे, दादाचा काय मान ठेवती.

मी मंदाला, माझ्या लेकीला घेऊन शहरात भावाकडं आले. पोरांच्या वसतिगृहात भाकरी-चपात्या करायचं काम लागलं, ते अजून करती, आता हात थरथरतात पण भाकरी गोल येती. तिथं माझ्यासंगं दौलताबादची एक बाई व्हती, शहनाजबी. तिच्या दिराला मण्यार चावला. आमच्याच मालकावानी, अंग गळालं, डोळे मिटले, श्वासाचं मशीन. तिच्या घरचे थांबले. नमाज पढत, व्हरांड्यात बसून थांबले. आन् एक दिवस शहनाजबी पेढे घेऊन आली, म्हणली, दीर चलके घर आया. पायानं चालत घरी आला. मी पेढा हातात घेतला आन् तिथंच खाली बसले. तवा मला कळलं की डाक्टरीण खरं बोलत व्हती. माझा नवरा मेला नव्हता, त्याला भुईवर आणून मारला.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी चूल पेटवताना म्हणायचे, देवा, या माणसालाबी हेच व्हावं. हेच, दुसरं काय नको. अपघात नको, तापबीप नको, हेच. तुम्ही म्हणाल किती वाईट बाई हाय. हाय मी वाईट. वाईट म्हणूनच जगले. सणाला गावाकडनं लुगडं यायचं भायाचं, ते मी फाडून मेसचा तवा पुसायला घेतलं. मंदाच्या लग्नाला त्यांला बोलावलं नाय. मंदा म्हणायची, आई, किती वर्ष धरून बसशील? मी म्हणायचे, तुझा बाप गेला तेवढी.

आन् ते झालं. तुम्ही म्हणाल बाई रचून सांगती. रचत नाय बाई, आमच्या काळ्या रानात मण्यार काय कमी हायेत का, दर साली कुणाला तरी गाठतो. भाया म्हातारे झाले व्हते, ऐंशीला आले व्हते, जाऊबाई वारल्या व्हत्या, तरी हट्टानं रानात भुईवरच निजायचे. माणसाची पाठ भुईला पायजे म्हणायचे. त्यांचा पोरगा अंकुश, त्याचा फोन आला, काकू, दादाला मण्यार चावला, मोठ्या दवाखान्यात आणलंय, मशीन लावलंय, तुम्ही जवळ हाव, या. मी भाकरी करत व्हते. सगळ्या भाकरी केल्या, तवा उतरवला, परात घासली, हात धुतले, चांगलं लुगडं नेसले, मंग रिक्षात बसले. घाई कशाची? मी एवढी वर्ष थांबले व्हते.

एकेकालाच आत सोडत व्हते. मी गेले. आन् तुम्हाला खरं वाटणार नाय, त्या दिवशी मी पहिल्यांदा भायाचं तोंड नीट बघितलं. एवढ्या वर्षांत मला त्यांच्या चपला ठाऊक, धोतराचा काठ ठाऊक, खोकला ठाऊक. तोंड नाय. फेटा नव्हता, टक्कल पडलेलं, तोंडात नळी, पट्टीनं गालाला चिकटवलेली. नाक डिट्टो आमच्या मालकाचं. ते बघून मला वाईट वाटलं असतं, पण मी वाटू दिलं नाय. पदर खांद्यावर टाकला, खाट धरली आन् कानाजवळ तोंड नेलं.

“लक्ष्मणाची बायको आलीय, दादा. कडू. आज मी बोलणार हाय आन् तुम्ही ऐकणार हाव.”

नवऱ्याचं नावबी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. मंग मी सगळं बोलले. म्हणलं, तुम्हाला भुई पायजे ना? तुमच्या भुईपायी माझा माणूस मारला तुम्ही, आता तुम्हाला भुई मिळायची नाय. इथंच पडायचं, या पलंगावर, परक्या माणसांनी उलटं-पालटं करायचं, तोंडाला नळी, गंगेचा थेंबबी जाणार नाय. आन् मेल्यावर चिरफाड व्हईल, मी होऊ देईन. हळू आवाजात बोलत व्हते, माया केल्यावानी. नर्स पोरगी व्हती तिथं, तिला वाटलं आजी देवाचं म्हणती. ती म्हणली, बोला आजी, बोलत ऱ्हा, चांगलं असतं. मी मनात म्हणलं, लई चांगलं हाय, माय.

बाहेर आले तर अंकुश आन् गावची माणसं उभी. डाक्टर त्यांला सांगत व्हता की विष उतरायला दिवस लागतील, आन् वय झालंय, छातीतबी बिघाड झालाय, विष उतरलं तरी ते उठतील असा भरवसा नाय देता येत. थांबायचं का, ते घरच्यांनी ठरवा. अंकुश रडत व्हता. म्हणला, दादा जल्मभर म्हणत आले की मला माझ्या भुईवर मरू द्या, जीप सांगितलीय, आई नाय, आता तुम्हीच घरात मोठ्या, काकू, तुम्ही काय म्हणता? मला इचारलं. बघा, या घरात कुणी मला पहिल्यांदा इचारलं, आन् तेबी कुणासाठी, तर भायासाठी.

मी पदर काय डोक्यावर घेतला नाय. सगळ्या माणसांसमोर म्हणलं, “मशीन काढायचं नाय. घरी न्यायचं नाय.”

एक म्हातारा, दादाच्याच बसण्या-उठण्यातला, म्हणला, पण दादाची इच्छा व्हती, बाई. मी म्हणलं, इच्छेचं मला सांगू नका, कुणी नळीला हात लावला तर मी पोलिसात जाईन, माझ्या नवऱ्याचं जुनंबी काढीन. तो मागं सरला. अंकुश माझ्या गळ्यात पडला, त्यालाबी मनातून बाप न्यायचा नव्हताच, कुणीतरी नाय म्हणायची वाट बघत व्हता. डाक्टर म्हणला, आजी, हिंमतीच्या हाव. आन् तिथनं ते गोड करणं सुरू झालं. गावात खबर गेली, नवरा गेला तरी बाईनं भायाचा जीव धरून ठेवला, काय माऊली हाय. माऊली! मला हसूच येत व्हतं.

मी रोज जायचे. मेसचं काम उरकलं की दुपारी भेटायच्या टायमाला हजर. रोज कानाशी बसून एक-एक सांगायचे. मालकाचे पाय गरम व्हते ते सांगितलं. तेराव्याला माझ्या बांगड्या फोडल्या ते सांगितलं. मंदानं शाळेत बापाचं नाव सांगताना काय केलं ते सांगितलं. शहनाजबीचे पेढे सांगितले. म्हणलं, मरू नका लौकर, अजून लई सांगायचंय. तुम्हाला सांगते, माझ्या जिंदगीत मला कधी एवढं बोलायला मिळालं नव्हतं. मला भूक लागायला लागली, झोप यायला लागली. मंदा म्हणली, आई, तुझ्या तोंडावर तेज आलंय.

आन् एक दिवस त्यांचा अंगठा हालला. नर्स पोरगी वरडली, आजी बघा, बघा. मंग पापणी हालली. मंग हात. डाक्टरला काय आनंद, आख्खा वार्ड गोळा झाला. मला राग आला. खरं लिवा, राग आला. मी देवाला हे नव्हतं मागितलं. मी म्हणलं, माझा तरणा गेला आन् हे म्हातारं लाकूड उठून बसतंय? पण उठले. हळूहळू मशीन कमी केलं, नळी काढली. आवाज फाटका झाला, पण आला. डाक्टर म्हणला, अजून काही दिवस जवळ ठेवा, तपासायला आणावं लागंल. जवळ म्हंजे कुठं, तर माझं घर. अंकुशनं सोडलं आणून. मी काय म्हणणार, मी तर माऊली.

माझी एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. ते पडवीत, खाटेवर. मी ताट द्यायचे, हातात द्यायचे, उंबऱ्यात नाय. ते खाली मान घालून जेवायचे. गावचं कोण भेटायला आलं की हात जोडून म्हणायचे, हिनं वाचवलं मला. एकटे असले की एक शब्द नाय. मला वाटायचं, नळीनं घसा गेलाय, बोलवत नसंल.

एक दिवस दुपारी घरात आम्ही दोघंच, मी वाढत व्हते. मेथीची भाजी आन् भाकरी. त्यांनी घास घेतला नाय. माझ्याकडं बघितलं, वर मान करून, सरळ माझ्या तोंडाकडं.

“कडूबाई,” म्हणले, “मला सगळं ऐकू येत व्हतं.”

माझ्या हातातला पळा तसाच ऱ्हायला. ते थांबले नाय मंग. म्हणले, पापणी उचलत नव्हती, बोट हालत नव्हतं, पण सगळं कळत व्हतं. डाक्टर डोळ्यावर बॅटरी मारायचा ते कळायचं. अंकुश म्हणला जीप सांगितलीय, दादाला भुईवर नेतो, ते ऐकलं. म्हणले, मी आतून बोंबलत व्हतो, नेऊ नका रे, मी जिता हाय, भुई नको मला, मशीन काढू नका. कुणालाबी आवाज जाईना. तुम्ही कानात जे बोललात तेबी सगळं ऐकलं, रोज ऐकलं. तुम्ही मला मारायला म्हणून ठेवलं व्हतं, ते ठाऊक हाय मला. तरी तुम्ही रोज यायची वाट बघायचो. तुम्ही येताय तवर कुणी नेणार नाय, एवढं कळत व्हतं.

मला आधी माझंच वाटलं. शरम नाय, पण अंगाला काटा आला, मी काय-काय बोलले व्हते.  रस्त्यावर भाजीवाला वरडत व्हता. आन् मंग हळूहळू माझ्या डोक्यात ते दुसरं यायला लागलं. मी भायाकडं बघितलं तर ते माझ्याकडंच बघत व्हते, आन् मला कळलं की त्यांच्या डोक्यात ते कधीचंच आलेलं हाय. त्या पलंगावरच आलं असंल. त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

मी म्हणलं, “मंग त्यांलाबी येत असंल.”

त्यांनी ताट बाजूला सारलं.  रडले नाय, ते लाकूड. मीच बोलले. म्हणलं, तुम्ही आत काय बी नाय म्हणलात ते ऐकलं असंल त्यांनी. जीप ऐकली असंल. बस कर म्हणलात तेबी ऐकलं असंल. ते बी आतून बोंबलत असतील, दादा नेऊ नको म्हणून, तुमचंच नाव घेत असतील, दुसऱ्या कुणाचं घेणार? भाया म्हणले, गप बसा, बाई. मी म्हणलं, नाय बसणार, गप बसूनच झालं ते.

आन् माझंबी आलं त्याच्यात. ते तुमच्यापासून लपवून काय करू. ती डाक्टरीण मला इचारत व्हती तवा दार उघडंच व्हतं, खाट दाराजवळच. त्यांनी ऐकलं असंल की बायकोला इचारलं, आन् बायको काय बोलली नाय. ते माझ्या वाट्याचं, ते मी माझं बघीन. पण भायाच्या वाट्याचं मी उचलणार नाय.

आता ते गावाकडं हायेत. काठी घेऊन चालतात. अंकुश म्हणतो, दादा आता खाली भुईवर निजत नायत, खाटेवर बसून असतात, कुणी जोरात बोललं तरी दचकतात. त्यांनी अंकुशच्या हातून माफी मागून पाठवली, म्हणले कडूबाईनं एकदा माफ केलं म्हणावं म्हंजे मी सुटंन. मी म्हणलं, दादाला सांग, नाय. मंदा म्हणती, आई, आता सोड, म्हातारा किती दिवसांचा हाय. शहनाजबीबी म्हणती, माफ कर दे, अल्ला देखता. बघू द्या की, मी कुठं लपून करती.

मी चूल पेटवताना अजून देवाचं नाव घेती, फक्त मागणं बदललंय. म्हणती, देवा, या माणसाला उचलू नको. त्यांला आयुष्य दे, लई दे. हातपाय शाबूत ठेव, डोकं शाबूत ठेव, कान तर बिलकुल जाऊ देऊ नको. आन् माझं काय चार-दोन वर्ष उरलं असंल, तेबी त्यांलाच लागू दे.